कोठारावरची दुसरी सही

कोठारावर दिवसाकाठी चाळीस-पन्नास माणसं यायची, आणि चार लाख यंत्रं.

माणसं यायची ती कामासाठी. कुणाला कोडमधली एखादी ओळ चुकलेली दिसायची, कुणाला आपल्या कानामागच्या प्रोसेसरसाठी नवी आवृत्ती उतरवून घ्यायची असायची. यंत्रं यायची ती खायला. जगभरातल्या बुद्धिमान प्रणालींना शिकवायला कोड लागतो, आणि तो गोळा करत फिरणारे हे प्रोग्राम एकच पान हजार-हजार वेळा मागायचे. मग अकोल्याच्या जठारपेठेत, एका घराच्या मागच्या खोलीत ठेवलेल्या दोन सर्व्हरना धाप लागायची. बाहेर शेहेचाळीस अंश, आणि आत पंख्यांचा घोंगाट.

तृप्ती गावंडे रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी त्या खोलीत जायची. कोण कोण येऊन गेलं ते बघायचं, त्यातल्या उपद्रवी यंत्रांचे पत्ते अडवायचे, डिस्क तपासायच्या, कोडची रोजची प्रत धुळ्याच्या एका मैत्रिणीकडच्या मशीनवर नीट पोचली का ते पाहायचं. मग चहा. तिचा नवरा हेमंत एसटीत चालक. तो म्हणायचा, "माझ्या गाडीला तरी आठवड्यातून एक दिवस डेपोत सुट्टी असते."

हे सगळं सुरू झालं ते त्यांच्या मुलीमुळे. चैत्राली जन्मापासून ऐकू शकत नव्हती. दोन वर्षांची असताना नागपूरला शस्त्रक्रिया करून तिला कॉक्लियर इम्प्लांट बसवलं. कानामागे एक मायक्रोफोन आणि बोटाच्या पेराएवढा प्रोसेसर. डोक्याला चुंबकाने चिकटणारी एक चकती, आणि तिच्यासमोर कातडीखाली दुसरी. तिथून आतल्या कानाच्या शंखात शिरलेली केसासारखी तार, आणि त्या तारेवर बावीस टोकं. प्रोसेसर आलेल्या आवाजाचे खर्जापासून वरच्या पट्टीपर्यंत बावीस वाटे करतो. ज्या वाट्यात जितका जोर, तितक्या जोराचे विजेचे स्पंद त्या टोकाला देतो, आणि मज्जातंतू ते मेंदूकडे नेतात. चांगल्या कानात ज्या जागी हजारो नाजूक पेशी काम करतात, तिथे ही बावीस टोकं. चिमटीऐवजी मुठीने रांगोळी घालावी, तसं काहीसं. आकृती कळते, पण रेघ जाड येते. माणूस काय बोललं ते समजतं. त्याचा गळा कसा आहे, ते नाही.

चैत्राली पाचवीत असताना इम्प्लांट बनवणारी परदेशी कंपनी बंद पडली. तार डोक्यात तशीच राहिली, पण प्रोसेसरमधला कोड सांभाळायला कुणी उरलं नाही. शेकडो आईबापांनी दीड वर्ष पत्रं लिहिली, तेव्हा कंपनीने जाता जाता कोड सगळ्यांसाठी खुला केला. लोकांनी तो एका मोठ्या साइटवर ठेवला. सहा महिन्यांनी त्या साइटच्या स्वयंचलित तपासणीला तो 'वैद्यकीय उपकरणाशी छेडछाड' वाटला आणि पान एका सकाळी नाहीसं झालं. तक्रार केली, तिला उत्तर आलं तेही यंत्राचंच.

तृप्ती तेव्हा तंत्रनिकेतनात संगणक प्रयोगशाळा सांभाळायची. तिच्याकडे कोडची पूर्ण प्रत होती, अगदी पहिल्या दिवसापासूनच्या प्रत्येक बदलासकट. कोड ठेवायची, वाचायची आणि मिळून दुरुस्त करायची मुक्त प्रणाली तिने उतरवून घेतली, प्रयोगशाळेतून बाद झालेल्या संगणकावर चढवली, आणि तिला नाव दिलं 'कोठार'. सात वर्षांत कोठारावर नऊ देशांतली एकोणतीसशे माणसं जमली. त्यांच्या डोक्यात चालणारा कोड या मागच्या खोलीतून जायचा.

म्हणून तिने एक नियम केला होता. कोडमधला प्रत्येक बदल दोन माणसांनी ओळ न् ओळ वाचायचा आणि खाली सही करायची. पहिली सही कुणा जाणकाराची. दुसरी, शेवटची, तिची. ती झाली की बदल मुख्य कोडमध्ये जाई.

एप्रिलच्या शेवटी वसईहून विन्सेंट तुस्कानोची, कोडमध्ये बदल करण्याची विनंती आली. क्रमांक चौदाशे अठरा.

विन्सेंट लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. पस्तिसाव्या वर्षी मेंदूज्वरात त्याचं ऐकणं गेलं. म्हणजे कोठारावरच्या बहुतेकांना जे ठाऊक नव्हतं ते त्याला ठाऊक होतं: आवाज असतो कसा. इम्प्लांट बसवल्यावर त्याला बोलणं कळू लागलं, पण सारं जग त्याला पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं वाटे. तो कोड शिकला. चार वर्षं खपून त्याने स्पंद पाठवायची नवी पद्धत बसवली. जुना कोड फक्त किती जोराने हे सांगायचा. स्पंद ठरलेल्या ठेक्याने जात. विन्सेंटच्या कोडमध्ये प्रत्येक स्पंद आवाजाच्या लहरीशी पाऊल जुळवून जाई. तार तीच, टोकं बावीसच. पण वेळ अचूक साधली की मज्जातंतू त्या वेळेतून स्वर ओळखतो. चढ, उतार, कंप, सगळं.

सहा स्वयंसेवकांनी दोन महिने ते वापरून पाहिलं होतं. मोठेपणी बहिरे झालेले तिघे आनंदाने वेडे झाले होते. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या तिघांपैकी एका मुलीने लिहिलं होतं, 'पाच आठवड्यांनी खूप छान वाटतं. पण पहिले दिवस कठीण. घरातल्या कुणाचाच आवाज ओळखू येत नव्हता. आईचासुद्धा.'

तृप्तीने ते वाक्य तीनदा वाचलं.

इम्प्लांटमधून कसं ऐकू येतं याची साधारण कल्पना देणारा एक प्रोग्राम कोठारावर होता, ऐकणाऱ्यांसाठी. चैत्राली लहान असताना तृप्तीने त्यात स्वतःचा आवाज घालून पाहिला होता. पिठाच्या चाळणीतून कुणी कुजबुजावं तसा एक घोगरा, कोरडा आवाज म्हणाला होता, 'चैतू, जेवायला ये.' ती त्या दिवशी खूप रडली होती. मग सवय झाली. पुढे तर तो आवाज तिला आपलासा वाटू लागला. तिच्या मुलीला माहीत असलेली आई ती होती. ताप आला की डोक्यावर हात ठेवून बोलणारी, पाढे म्हणून घेणारी, रागावणारी, सगळी त्याच आवाजाची.

नव्या आवृत्तीत ती आई नसणार होती.

डॉक्टर असलेल्या एका श्रवणतज्ज्ञाने सही केली. दुसरी सही राहिली. तृप्तीने टेबलावर एक जुना प्रोसेसर जोडून पाच दिवस चाचण्या घेतल्या आणि एक खरी चूक शोधली: बॅटरी उतरत आली की स्पंदांची वेळ हलत होती. विन्सेंटने दोन दिवसांत ती दुरुस्त केली. त्यानंतर कोड स्वच्छ होता. तरी तिने लिहिलं, 'माहितीपत्रक अपुरं आहे.' मग, 'उन्हाच्या झळीत तपासायला हवं.' मग काहीच लिहिलं नाही.

चैत्राली परभणीला पशुवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. मे महिन्यात सुट्टीला घरी आली. रात्री जेवण झालं. ताट उचलून ठेवलं आणि मग म्हणाली, "आई, चौदाशे अठरा काहून अडकून राहिली?"

तृप्तीचा हात ओट्यावर थांबला. "तपासून राहिली नं मी."

"मी सगळं वाचलं. चूक सातव्या दिवशीच निघाली. आज एकविसावा दिवस आहे."

"घाई करायची गोष्ट नाही चैतू. डोक्यात जाते वीज."

"माझ्याच डोक्यात जाते." चैत्राली स्टूल ओढून समोर बसली. "सांगू का तुला? मागच्या महिन्यात आमच्या दवाखान्यात एक गाय आणली होती. सरांनी एकेकाला तपासायला लावलं. मी यंत्र लावलं छातीला, माझ्या प्रोसेसरला जोडलं, ऐकलं. ठक ठक, ठक ठक. मी म्हटलं, सर, हृदय ठीक आहे. माझ्यामागून तिघांनी ऐकलं. तिघंही म्हणाले, घरघर येते, झडप गळते आहे. मी परत ऐकलं. ठक ठक." ती थांबली. "सर काही बोलले नाहीत. चांगले आहेत ते. पण मी एकटीच असती त्या गोठ्यात, तर?"

तृप्तीने पुन्हा ओटा पुसायला घेतला.

"मला ती घरघर ऐकायची आहे, आई. त्याच्यासाठी लागते तुझी सही. आणि तू सांगते माहितीपत्रक अपुरं आहे."

"तुला माझा आवाज ओळखू नाही येणार," तृप्ती म्हणाली. एकदम म्हणून गेली. "त्या मुलीने लिहिलं आहे बघ. आईचासुद्धा नाही."

चैत्राली तिच्याकडे बघत राहिली. तिचा राग कुठेतरी अर्ध्यावर अडला. "म्हणून?"

"म्हणून."

"आणि ते बाकीचे एकोणतीसशे?"

मग तृप्तीने हात पुसले आणि मागच्या खोलीत गेली.

सही करायच्या आधी तिने विन्सेंटला फोन लावला. पडद्यावर तो दिसला, मागे अंगणात केळी. बोललेलं त्याच्या पडद्यावर अक्षरांत उमटत होतं.

"विन्सेंटभाऊ, तुमचा बदल मी विनाकारण अडवला. चौदा दिवस."

"मला वाटलंच होतं ताई," तो म्हणाला. "पण कारण असेल म्हटलं."

तिने कारण सांगितलं. ते त्याने पडद्यावर शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाला, "ताई, मला जुळ्या मुली आहेत. रिया आणि रोझ. आठ वर्षांच्या. आतल्या खोलीतून 'डॅडी' म्हणून हाक आली की कुठली ते मला कळत नाही. मी नुसतं 'काय बाळा' म्हणतो. त्या हसतात, मुद्दाम फसवतात. पण एकदा रोझ म्हणाली, डॅडीला आम्ही सारख्याच." तो हसला, डोळे मात्र दुसरीकडे वळवून. "मी हे त्यांच्यासाठी लिहिलं; दोन सह्या झाल्याशिवाय स्वतःच्या डोक्यात घालायचं नाही म्हणून थांबलो आहे. तुमच्या मुलीची आई कुणी नेणार नाही, ताई. पाच आठवडे धीर धरा."

तृप्तीने सही केली. आणि खाली, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: 'ही विनंती एकवीस दिवस थांबली. त्यातल्या पहिल्या सात दिवसांनाच तांत्रिक कारण होतं. पुढचे चौदा दिवस माझ्या खाजगी भीतीने थांबवलं. मला तो अधिकार नव्हता. माफ करा. यापुढे दहा दिवस उलटले की दुसरी सही कोणताही जाणकार करू शकेल.'

बहुतेकांनी समजून घेतलं. सांगलीच्या एका बापाने लिहिलं, 'माझ्या मुलाची शाळा चार आठवड्यांत उघडते. पाच मिळाले असते.' एवढंच. तृप्तीने ते वाक्य तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर चैत्रालीने नवी आवृत्ती चढवली. प्रोसेसर कानामागे लावला, चकती डोक्याला चिकटवली आणि दचकून खांदे वर ओढले.

"काय झालं?"

चैत्रालीने मान मागे वळवली. मागे कुणी नव्हतं. मग ती आईच्या ओठांकडे बघू लागली.

"तू बोलली का?"

"मीच बोलले."

"शब्द कळले," चैत्राली सावकाश म्हणाली. "पण असं वाटलं की घरात दुसरीच कोणी बाई आली आहे." तिचे डोळे भरले. "आई, जरा वेळ बोलू नको. प्लीज."

तृप्तीने मान हलवली. त्या दिवशी ती बोलली नाही. पाणी हवं का ते खुणेने विचारलं. जेवायला बोलावताना टेबलावर टकटक केली. वीस वर्षांपूर्वी, शस्त्रक्रियेच्या आधी, तान्ह्या चैत्रालीला ती अशीच बोलवायची, जमिनीवर थाप मारून.

पुढचे काही दिवस चैत्राली घरभर फिरून आवाज गोळा करत होती. कुकरची शिट्टी, बाहेरची रिक्षा, गच्चीवरचा बुलबुल. "आई, हा पक्षी वर-खाली करतो!" ती ओरडली. मग आईने उत्तर दिलं की तिचा चेहरा पुन्हा बावरायचा.

नवव्या दिवशी तिने चकती काढून टेबलावर ठेवली. ओठ वाचता येतील अशी समोर बसली. "मला परत जायचं आहे जुन्यावर. मला तुझा आवाज पाहिजे."

तृप्तीला हेच तर ऐकायचं होतं. जुनी आवृत्ती कोठारात होतीच. कोठारातून कधीच काही जात नसे. दहा मिनिटांचं काम होतं. पण एकदा मागे गेलं की मेंदूने नऊ दिवसांत जे शिकायला घेतलं ते पुसलं जाणार, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तिने चैत्रालीची चकती उचलली आणि तिच्या डोक्याला लावली.

"अर्ध्या शिजलेल्या भाताचं झाकण काढू नये," ती म्हणाली. "पाच आठवडे. त्यानंतरही नको वाटलं तर मी स्वतः जुनं चढवून देईन."

"आणि तोवर?"

"तोवर मी वाचते, तू ऐक."

विन्सेंटने सांगितलं होतं, समोर मजकूर ठेवून कुणीतरी मोठ्याने वाचावं, म्हणजे मेंदू शब्द आणि आवाज यांची गाठ मारत जातो. दुपारच्या वेळी, कूलरसमोर सतरंजी टाकून दोघी बसायच्या. घरात पुस्तकं फारशी नव्हती, आणि तृप्तीला वाचायची सवय होती ती एकाच गोष्टीची. तिने कोठाराच्या बदलांची यादी उघडली. सात वर्षांची.

"'मोठा आवाज एकदम कमी करू नये, बाळं घाबरतात. अनघा पुरोहित, नाशिक,'" ती वाचायची. "'पावसात भिजल्यावर प्रोसेसर बंद पडतो तो दुरुस्त केला. इस्माईल पटवेगार.' 'काल केलेली दुरुस्ती चुकली होती. लाज वाटते. परत करतो. तोच.'"

चैत्राली हसायची. बोट ओळीवरून फिरवत राहायची. तिसऱ्या आठवड्यात तिने बोट फिरवणं सोडलं. चौथ्या आठवड्यात ती डोळे मिटून ऐकू लागली, आणि एकदा डोळे न उघडता म्हणाली, "इथे पाणी पी. घसा बसला तुझा." तृप्ती खरंच पाणी प्यायली.

पाच आठवडे झाले त्या दिवशी कुणीच जुन्या आवृत्तीचं नाव काढलं नाही. कोठारावर विन्सेंटची दोन ओळींची नोंद आली होती: 'आज आतून हाक आली. मी म्हटलं, काय गं रोझ. दोघी पळत बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.'

जुलैमध्ये चैत्राली परभणीला परत गेली. पंधराएक दिवसांनी, संध्याकाळी पाचच्या सुमारास तिचा फोन आला. प्रोसेसरला थेट जोडलेला, नुसता आवाजाचा.

"आई! एक म्हैस आली होती आज. मी ऐकलं आणि सांगितलं, सर, दुसऱ्या ठोक्यानंतर घरघर आहे. सरांनी ऐकलं. मग म्हणाले, बरोबर."

"शाब्बास गं माझी बाय!"

"बाबा?"

"ड्यूटीवर आहेत. नागपूर गाडीवर."

"आणि तू कशी आहे?"

"मी? मजेत."

"परत म्हण," चैत्राली म्हणाली.

"काय?"

"मजेत म्हण परत."

"मजेत आहे मी. काहून?"

"आई, तू मजेत नाही."

तृप्ती मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती. त्या दुपारी एक डिस्क गेली होती. ती बदलायला ती चार तास जमिनीवर बसून होती आणि तिची कंबर भरून आली होती. त्याआधीच्या आठवड्यात सर्व्हर तीनदा बंद पडला होता. यातलं तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. फोनवर तर कधीच नाही. फोनवर चेहरा दिसत नाही, आणि जुन्या आवाजात 'मजेत' हा शब्द नुसता 'मजेत' होता; तो कसाही म्हटला तरी मुलीपर्यंत सपाट, कोरडा पोचायचा. स्वतःच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हाही तिने चैत्रालीला असंच 'मजेत' म्हणून सांगितलं होतं, डोळे पुसत पुसत, आणि मुलीने ते खरं मानलं होतं.

"खाली जाते तुझा आवाज शेवटी," चैत्राली म्हणत होती. "म्हशीच्या बाबतीत मला कळलं, तर तुझ्या बाबतीत नाही कळणार का? तू नेहमी असंच म्हणायची? इतकी वर्षं?"

तृप्तीने नाक ओढलं. आणि आता तेही लपत नव्हतं.

"आई, तू रडते का?"

ती 'नाही' म्हणणार होती. शब्द ओठांवर आलाही होता.

"हो गं," ती म्हणाली. "दमले मी चैतू. फार दमले. सात वर्षांत एक दिवस ही खोली सोडून कुठे गेले नाही. एकोणतीसशे माणसं आहेत, काही झालं तर, म्हणून."

"मग कोठाराची चावी, तो पासवर्ड, एकटीकडेच काहून ठेवते? विन्सेंटकाकांना दे नं एक. त्यांना येते सगळं. धुळ्याच्या मावशींना दे."

"देऊ?"

"विचारते काय? उद्याच दे. आणि एसटीने इकडे ये. चार दिवस. लॅपटॉप आणायचा नाही."

तृप्ती ओल्या गालांनी हसली. "बरं. देते. येते."

"आणि आज काय झालं? कंबर धरली का? तसाच वाटून राहिला आवाज."

"सगळंच ऐकू येऊन राहिलं का तुला आता?"

"सगळं नाही. शिकून राहिली." पलीकडे चैत्रालीने काहीतरी ओढलं, कठड्यापाशी खुर्ची घेतली असावी. "वसतिगृहाच्या गच्चीवर आहे मी. जेवणाला दोन तास आहेत. तू पहिल्यापासून सांग. आजोबांच्या वेळचंही सांग, तेव्हा मला नाही सांगितलं ते."

तृप्ती उंबऱ्यावर खाली बसली. पाय पसरले, डोकं चौकटीला टेकवलं. कुठून सुरुवात करावी ते तिला सुचेना.

"तू बोल," चैत्राली म्हणाली. "मी ऐकून राहिली."